पाठ कोण बघतं

भाऊजी,

तुमच्या खात्याला एक पुस्तिका काढायची आहे, नव्यानं कामाला लागणाऱ्यांच्या हातात द्यायला. तिच्यात एक पान तुमच्यावर हवं, म्हणून ऑफिसातली एक बाई परवा येऊन गेली. जरा प्रेरणादायी लिहा आजी, म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, तो माणूस गोचीड चावून गेला, यात प्रेरणा कुणी कुणाकडून घ्यायची? ती बिचारी चहा अर्धा ठेवून उठली.

मी दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा 'मनमिळाऊ', 'कर्तव्यदक्ष' असलंच काहीतरी उतरलं. तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. तुमच्याबद्दल लिहायला गेलं की मला खोटं सुचतं, तुमच्याशी बोलायला लागले की ते जमत नाही. तेव्हा तुम्हालाच लिहिते. तुम्हाला ठाऊक असलेलंही मधूनमधून सांगेन, कारण वाचणारे दुसरे आहेत. कंटाळू नका.

मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तुम्ही सहा वर्षांचे होतात. वहिनीला नमस्कार कर म्हटल्यावर दाराआड जाऊन उभे राहिलात आणि फक्त एक कान बाहेर ठेवलात. सासूबाईंची शिस्त अशी की दिराला अहो-जाहोच करायचं, मग तो केवढाही असो. मी बी.एस्सी. झालेली बाई, आणि ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं त्या पोराला 'भाऊजी, जेवायला चला' म्हणत होते. तुमचे दादा, म्हणजे माझा नवरा, हसून हसून लोळायचे. पुढं एक्कावन्न वर्षं मी तुम्हाला अहो म्हटलं आणि तुम्ही मला अहो म्हटलंत. तुम्ही थोडेफार त्या दाराआडच उभे राहिलात आणि मीही तुम्हाला हाताला धरून बाहेर ओढलं नाही.

दहावी दुसऱ्या खेपेला झालात. मग पुस्तकं बांधायच्या दुकानात चौदा वर्षं सुईदोरा आणि खळ. लग्नाचं दोनदा ठरत आलं आणि दोनदा मोडलं. दुसऱ्या वेळी तर तुम्ही मुलीशी तासभर एक अक्षर बोलला नाहीत, तिनं जाताना दादांना विचारलं, यांना ऐकू येतं ना? दुकान बंद पडलं तेव्हा तुम्ही बत्तीस वर्षांचे होतात. मी तेव्हा आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर काम करत होते. आमच्याकडे गोचीड गोळा करणारा माणूस हवा होता. अट एकच, हळू चालता आलं पाहिजे. मी साहेबांना म्हटलं, याहून हळू माणूस तुम्हाला मिळायचा नाही.

हे काम काय असतं ते नव्या लोकांना सांगते. गोचीड उडी मारत नाही, उडत नाही. गवताच्या टोकाला चढून बसतो आणि पुढचे दोन पाय पसरून वाट बघतो, आपण बसला हात दाखवतो तसा. जो घासून जाईल त्याला धरतो. म्हणून पांढऱ्या जाड सुती कापडाचा मीटरभर चौकोन घ्यायचा, पुढच्या बाजूला काठी, मागच्या बाजूला शिशाचे मणी शिवलेले, आणि दोरीनं तो गवतावरून ओढत जायचं. वीस पावलं झाली की थांबायचं, कापड उलटायचं, चिकटलेले गोचीड चिमट्यानं उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकायचे. बाटलीत चिठ्ठी घालायची ती पेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. मग पुढची वीस पावलं. रानाच्या कडेकडेनं, दिवसभर, पंचवीस वर्षं.

ऑफिसात तुम्हाला चादरवाले म्हणायचे. तुम्ही त्या कापडाला कुणाला हात लावू दिला नाहीत. बिनवासाच्या साबणानं स्वतः धुवायचात, माझ्या दोरीवर माझ्या साड्यांच्या शेजारी वाळत घालायचात, आणि मी चुकून अत्तराचा हात लावला म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. वास आला की गोचीड कापडावर येत नाहीत, एवढं साधं बी.एस्सी. झालेल्या माणसाला कळू नये, असं मला नाही, भिंतीला सांगितलंत.

तुम्ही आणलेले गोचीड आम्ही खलात वाटून तपासायचो. त्यांच्यात पाचातल्या एकाच्या पोटात, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो जिवाणू निघायचा. चावलेल्या माणसाला तो आधी ताप देतो, मग सांधे धरतो, चेहऱ्याची शीर धरतो, आणि कधीकधी हृदयापर्यंत जातो. एकदा जिवंत नमुना काचेवर होता म्हणून मी तुम्हाला बोलावलं. काळ्या पार्श्वभूमीवर तो उजळून दिसतो, बूच काढायच्या मळसूत्रासारखा पीळदार, आणि वळवळत फिरतो. तुम्ही इतका वेळ डोळा लावून बसलात की माझी पाठ अवघडली. मग मान वर करून म्हणालात, 'देखणा आहे हो, वहिनी.' पाचातला तो एक वरून ओळखता येत नाही का, असंही विचारलंत. मी नाही म्हटलं. त्यावर तुम्ही, मग पाचही वाईटच धरायचे, असं ठरवून टाकलंत आणि गल्लीत तसंच सांगत सुटलात. लोक कुत्री घेऊन तुमच्याकडे यायचे. गोचिडावर रॉकेल ओतणाऱ्याला, पेटती काडी लावणाऱ्याला तुम्ही जे झापायचात ते ऐकून मला आश्चर्य वाटायचं की हाच का तो मुलीसमोर तोंड न उघडणारा माणूस. चिमटा कातडीला टेकवायचा, पिळायचं नाही, सरळ वर ओढायचं. डिवचलात तर पोटातलं सगळं तो तुमच्या रक्तात ओकतो. हे तुमचं वाक्य, जसंच्या तसं.

आता पाठीचं.

खसखशीच्या दाण्याएवढं गोचिडाचं पिल्लू अंगावर चढलं तर कळतही नाही. पण ते चिकटून दिवस-दीड दिवस झाला तरच रोग बहुधा आत जातो. म्हणून खात्याचा नियम आहे, रोज काम संपलं की अंग तपासायचं. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं, पाठ जोडीदारानं बघायची आणि वहीत 'पाठ' या रकान्यात सही करायची. तुमचे जोडीदार म्हणजे जीपवाले मामा. एकवीस वर्षं तुम्ही दोघं संध्याकाळी जीपच्या मागं शर्ट काढून उभे राहायचात. मामांना तुमच्या पाठीवरचे तीळ पाठ होते. सतरा, म्हणायचे, अठरावा दिसला की ओढलाच. एकदा त्यांनी खरंच तीळ ओढला आणि तुम्ही घरभर कण्हत फिरलात. या एकवीस वर्षांत त्यांनी तुमच्या पाठीवरून अकरा गोचीड काढले. अकराही वेळा तुम्ही दुसऱ्या दिवशी कामावर गेलात आणि तुम्हाला काही झालं नाही.

चार वर्षांपूर्वी मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी वर्षभर एक, मग दुसरा, असे तात्पुरते लोक आले. गेल्या वर्षी आली ती मुलगी. सत्तावीस वर्षांची, जीप अशी चालवते की मामांनी बघितलं असतं तर तिचे कान उपटले असते. पहिल्याच संध्याकाळी ती जीपच्या मागं येऊन म्हणाली, काका, पाठ दाखवा, नियम आहे. तुम्ही लालबुंद झालात, हे तिनं मला नंतर सांगितलं. तिनं वातावरण हलकं करायला म्हटलं, मी डोळे मिटून बघू का? तुम्ही हसलासुद्धा नाहीत. 'आमच्या घरी बघतात,' म्हणालात. तिनं रकान्यात सही केली. रोज विचारायची, तुम्ही रोज तेच सांगायचात, ती रोज सही करायची. वर्षभर.

घरी कोण होतं हो? दादा जाऊन तेरा वर्षं झाली होती. वरच्या खोलीत तुम्ही, खाली मी. रात्रीचं जेवण एकत्र, त्यात पाच वाक्यं, त्यातली दोन मिठावर.

आणि मी विचारलं नाही असंही नाही. तेव्हा पावसाळा सरून गवत कमरेपर्यंत आलं होतं. तुम्ही घरी आलात की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, तपासलं ना अंग? तुम्ही जिन्यावरून सांगायचात, ऑफिसात बघतात. मी म्हणायचे, बरं. मामा निवृत्त झालेत हे मला माहीत होतं. त्यांच्या सत्काराचा पेढ्याचा पुडा तुम्हीच आणला होतात. जीपवर मुलगी आली आहे हेही माहीत होतं, तिच्या गाडी चालवण्याबद्दल तुम्ही जेवताना तिसरं वाक्य खर्ची घातलं होतं. दोन आणि दोन किती होतात हे मला कळतं. मी ती बेरीज केली नाही, कारण उत्तर आलं असतं तर मला म्हणावं लागलं असतं, भाऊजी, शर्ट काढा.

मग तुम्हाला ताप आला. तीन दिवस, अंगदुखी, मान अवघडलेली. मी तापाच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी तुम्ही कामावर. त्याच आठवड्यात तुम्ही दाराच्या चौकटीला पाठ घासताना मला दिसलात आणि मी म्हटलं, म्हशीसारखं काय ते! तुम्ही म्हणालात, घामोळं. मी पावडरचा डबा जिन्यावर ठेवला. एकतीस वर्षं मी तो जिवाणू काचेखाली बघितला होता, तो चावल्या जागेभोवती लाल कडं उठवतो यावर नव्या मुलींना भाषणं दिली होती, आणि मी पावडरचा डबा ठेवला. तोही सुगंधी.

महिन्यानं एका सकाळी चहा तुमच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून शर्टावर सांडला. तुम्ही पुसलात, पुन्हा प्यायलात, पुन्हा सांडला. मी समोर आले तर उजवा डोळा मिटत नव्हता आणि अर्धा चेहरा उतरला होता. मी तुमचा हात धरून, हो, हात धरून, तुम्हाला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्याकडे वीस माणसं बसलेली. त्यांना मी सांगितलं, हे गोचिडांचं काम करतात, रक्त तपासा. डॉक्टर समजूतदार होते, त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली. तुम्हाला विचारलं, गेल्या दोन महिन्यांत अंगावर कुठं लाल कडं उठलं होतं का? मांडीवर, काखेत, पाठीवर? तुम्ही ठामपणे नाही म्हणालात. खोटं नव्हतं ते. तुम्ही पाहिलंच नव्हतं. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि म्हणाले, मग दुसरंही काही असू शकतं, रिपोर्ट येऊ दे, तोपर्यंत डोळ्यात थेंब घाला. रक्त सोमवारी घेतलं, रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता. त्यांनी कडं बघितलं असतं तर रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या असत्या. हे मी अंदाजानं सांगत नाही. मी नंतर जाऊन विचारलं, आणि ते खाली बघून हो म्हणाले.

सोमवारी आणि मंगळवारी तुम्ही जिना चढताना मध्येच बसलात. सोमवारी एकदा, मंगळवारी दोनदा. मी खालून विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, बुटाची नाडी. घरातल्या चपला घातल्या होत्यात तुम्ही.

बुधवारी घरी राहा म्हटलं, तर अकरा नंबरचा गवताचा पट्टा राहिलाय म्हणालात. मी दारात आडवी उभी राहायला हवी होती. मी डबा दिला.

पुढचं त्या मुलीनं सांगितलं. अकरा नंबरच्या पट्ट्यावर तुम्ही चार वेळा वीस पावलं गेलात, चार वेळा कापड उलटलंत. पाचव्या वेळी काठी हातातून सुटली. ती जीपमध्ये बसून वही लिहीत होती. तिला वाटलं तुम्ही वाकून काहीतरी शोधताय. थोड्या वेळानं तिनं हाक मारली. मग ती धावत आली. तुम्हाला तिनं एकटीनं उचलून जीपमध्ये घातलं, आणि जी मुलगी खड्डे बघत नाही ती त्या दिवशी म्हणे एकेक खड्डा चुकवत गेली. इस्पितळात पोचेपर्यंत नाडी नव्हती. हृदयाला ठोके पोचवणारी वाट बंद पडली होती, डॉक्टर म्हणाले. त्या जिवाणूनं. औषध वेळेवर मिळालं की ती वाट बहुतेकांची पुन्हा उघडते, हेही म्हणाले. काही डॉक्टरांना कुठं थांबावं ते कळत नाही.

त्यांनी शर्ट कापून काढला होता. तुम्हाला कुशीवर वळवून मला दाखवलं, मीच म्हटलं म्हणून. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, जिथं कुणाचाच स्वतःचा हात पोचत नाही, तिथं. ताटाएवढं कडं, मधून फिकट, कडेनं अजून गुलाबी. शिकाऊ डॉक्टरला दाखवावं इतकं स्पष्ट. कुणीही एकदा, अर्ध्या मिनिटासाठी, बघितलं असतं तर पुरलं असतं. सहा वर्षांचा असल्यापासून ज्याला जेवायला वाढलं त्या माणसाची पाठ मी पहिल्यांदा बघत होते, आणि नर्सला बाहेर जायला सांगावं की मी जावं, हे मला त्या क्षणीही कळेना.

गुरुवारी रिपोर्ट आला. त्यात काय होतं हे लिहायची गरज नाही.

त्याच दिवशी ती मुलगी तुमचं कापड आणि बाटल्या घेऊन फाटकात आली. आत येईना. चार बाटल्या, चार पेन्सिलीच्या चिठ्ठ्या. वहीही आणली होती, ऑफिसनं मागवायच्या आधी मला दाखवायला. वर्षभराच्या सह्या. ती म्हणाली, 'आजी, काका म्हणायचे घरी बघतात.'

मी म्हटलं, 'मला म्हणायचे ऑफिसात बघतात.'

आम्ही दोघी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. ती रडली. मी तिला रागावले, कारण मला दुसरं काही येत नाही. मग तिला खुर्ची आणून दिली. तिच्यावर चौकशी बसली आहे. खोट्या सह्या केल्या म्हणून. मी लिहून दिलं आहे की खोटं तुम्ही बोललात, दोन्हीकडे, आणि ते झाकायला मी मदत केली. तुम्हाला राग येईल. येऊ द्या. पोरीला पुढं तीस वर्षं नोकरी करायची आहे, तुमच्या अब्रूला आता काही करायचं नाही. आणि खात्याला पुस्तिकेत छापायचं असेल तर त्यांनी एवढंच छापावं: घरी कोण बघतं, त्याचं नाव विचारा.

मंगळवारची संध्याकाळ मी मागं ठेवली होती. ती तुमची-माझी आहे, पण तीही लिहिते.

तुम्ही मोरीशी कप विसळत होतात. डोळ्यावर पट्टी. मी दिवसभर तीच एक गोष्ट मनात घोळवत होते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही पाठीवर काही नाही म्हणालात, पण ते तुम्हाला कुणी बघून सांगितलं होतं? शेवटी मी बोलले. म्हटलं, 'भाऊजी, पाठ दाखवा.'

तुम्ही नळ बंद केला नाहीत. वळलाही नाहीत. कप विसळत राहिलात, एकच कप. मग म्हणालात, 'वहिनी, तुम्ही कशाला. उद्या एक आरसा आणू. मोठा. कपाटाच्या आरशासमोर धरला की माझं मलाच दिसेल.'

कल्पना चांगली होती. इतकी साधी की पंचवीस वर्षं दोघांना सुचली नाही. मला सुटल्यासारखं झालं, भाऊजी. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच सुटल्यासारखं झालं. मी लगेच टेप काढली. कपाटाच्या दारावर ती एका टोकाला तुम्ही धरलीत, दुसऱ्या टोकाला मी. दीड फूट बाय चार. मी ते पाकिटाच्या मागं लिहिलं. कडा घासून घ्यायच्या, नाहीतर हात कापतो, असं तुम्ही म्हणालात. काचवाला सातला बंद करतो. बुधवारी तुम्ही साडेपाचला येणार, मी तयार राहणार, आणि चालतच जायचं असं ठरलं.